छायाचित्रणातील फिल्टर

फिल्टर, गालक किंवा गाळणी म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगापुढे, क्वचित भिंगाच्या मागील बाजूस, बसविण्यात येणारी काच, राळ किंवा जिलेटिन यांची पारदर्शक चकती अथवा पट्टी होय. भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा काही भाग अडवून उरलेला भाग पुढे जाऊ देणे हे तिचे कार्य असते. अडविला जाणारा भाग विशिष्ट रंगाचा असू शकतो, विशिष्ट दिशेने कंप पावणारा असू शकतो, किंवा सर्व रंगांमधून सारख्या प्रमाणात काढून घेतलेला असू शकतो. यावरून फिल्टरचे मुख्य प्रकार पडतात.

फिल्मच्या काळात फिल्टर हे छायाचित्रकाराच्या पिशवीतील आवश्यक साधन होते. डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर त्याची अनेक कामे कॅमेऱ्यातील संगणकीय प्रक्रिया व संपादन-प्रणाली करू लागल्या. त्यामुळे फिल्टर वापरावा की नाही, आणि वापरल्यास कोणता, हा छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांपुढील नित्याचा प्रश्न बनला आहे. या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. काही फिल्टरांचा परिणाम चित्र टिपल्यानंतर निर्माण करता येत नाही, काहींचा सहज करता येतो, तर काही फिल्टर आज जवळजवळ निरुपयोगी ठरले आहेत.

## कार्यतत्त्व

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना त्याचा थोडा अंश सीमेवरून परत फिरतो. लेप नसलेल्या साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग असल्याने अशा काचेतून जाताना सुमारे ८ टक्के प्रकाश वाया जातो. हा प्रकाश केवळ नाहीसा झाला असता, तर त्याने फारसे बिघडले नसते. त्यातील काही भाग भिंग व फिल्टर यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन अखेर संवेदकावर पोहोचतो आणि चित्रात धूसरपणा किंवा छायाबिंब निर्माण करतो. परावर्तनरोधक बहुस्तरीय लेप दिल्यास प्रत्येक पृष्ठभागावरील परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या खाली आणता येते. चांगल्या आणि स्वस्त फिल्टरच्या किमतीतील फरक प्रामुख्याने या लेपामुळे व काचेच्या सपाटपणामुळे पडतो.

फिल्टरने अडविलेल्या प्रकाशाचे मापन 'स्टॉप' या एककात करतात. प्रकाश निम्मा झाला म्हणजे एक स्टॉप कमी झाला, पाव झाला म्हणजे दोन स्टॉप. ही घट भरून काढण्यासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, भिंगाचे छिद्र मोठे करावे लागते किंवा संवेदनशीलता वाढवावी लागते. यांपैकी प्रत्येक उपायाची वेगळी किंमत असते: पहिल्याने हालचाल पुसट होते, दुसऱ्याने स्पष्टतेची खोली घटते आणि तिसऱ्याने चित्रात कणीदारपणा वाढतो.

## इतिहास

आरंभीच्या छायाचित्रण-पट्ट्या केवळ निळ्या, जांभळ्या व जंबुपार प्रकाशालाच प्रतिसाद देत असत. त्यामुळे निळे आकाश चित्रात पांढरे उमटे आणि तांबडे व पिवळे पदार्थ काळपट दिसत. १८७३मध्ये हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने योग्य रंजकद्रव्य मिसळल्यास पट्टी हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील होते, हे दाखवून दिले. १९०६च्या सुमारास इंग्लंडमधील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या विक्रीस आणल्या. पट्टीला सर्व रंग 'दिसू' लागल्यावरच रंगीत फिल्टरने त्यांतील एखादा रंग निवडून उजळ किंवा गडद करण्याला खरा अर्थ आला. ही कंपनी १९१२मध्ये कोडॅकने विकत घेतली. फिल्टरांना दिले जाणारे रॅटन क्रमांक मात्र पुढेही रूढ राहिले. पिवळ्यासाठी ८ आणि लालसाठी २५ हे त्यांतील विशेष परिचित क्रमांक होत.

रंगीत छायाचित्रणाचा जन्मच फिल्टरमधून झाला. १८६१मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकाच वस्तूची लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन छायाचित्रे त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकत्र प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखविली. तिरंगी छपाईचे ठसेही याच तत्त्वावर, मूळ चित्र तीन फिल्टरांतून वेगवेगळे टिपून, तयार केले जात. पुढे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व मुद्रण याच क्षेत्रांत काम करीत होते आणि रंगीत छपाईच्या तंत्रासाठी १९०९मध्ये जर्मनीला गेले होते. आजच्या डिजिटल संवेदकावरही प्रत्येक सूक्ष्म घटकावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो. ही रचना कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी शोधली असून तिचे पेटंट १९७६चे आहे. भिंगावर काहीही न लावता घेतलेले रंगीत डिजिटल छायाचित्रही, या अर्थाने, फिल्टरमधूनच घेतलेले असते.

ध्रुवक फिल्टर व्यवहारात येण्याचे श्रेय अमेरिकी संशोधक एडविन लँड यांच्याकडे जाते. त्यांनी १९२९मध्ये कृत्रिम ध्रुवक पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यापूर्वी ध्रुवणासाठी महागडे नैसर्गिक स्फटिक वापरावे लागत.

### अजिंठ्याच्या नोंदींचा दाखला

पट्टीच्या रंगांधळेपणाचा परिणाम किती दूरगामी असू शकतो, हे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या इतिहासावरून दिसते. या चित्रांत काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि निळा राजावर्त या रंगद्रव्यांचा वापर झाला आहे. केवळ निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पट्टीवर काव व पिवळी माती काळवंडते, तर राजावर्ताचा निळा फिकट पडतो. म्हणजेच चित्रातील उजेड-अंधाराचा तोलच उलटा होतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा व वेरूळ येथे घेतलेली छायाचित्रे १८६४मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. त्यांत लेण्यांच्या वास्तुरचनेची मोलाची नोंद आहे. चित्रांच्या रंगांसाठी मात्र गिल यांना वर्षानुवर्षे हाताने नकला कराव्या लागल्या. या नकलांपैकी बहुतेक १८६६मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या आणि त्यांतील अनेक १८८५मध्ये लंडनमधील दुसऱ्या आगीत जळाल्या. दरम्यानच्या काळात मूळ चित्रांची झीज सुरूच होती.

छायाचित्रावर आधारित रंगीत प्रतिमांचा मोठा संच निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३०पासून चार भागांत प्रसिद्ध केला. १९९०च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी लेण्यांतील मंद प्रकाशातच ही चित्रे टिपली. रंगाची विश्वासार्ह नोंद ही केवळ सौंदर्याची बाब नसून, नाश पावणाऱ्या कलाकृतीच्या संदर्भात तीच पुढे पुरावा ठरते.

## प्रकार

### जंबुपार व संरक्षक फिल्टर

फिल्मचा थर जंबुपार किरणांना संवेदनशील असल्याने उंच डोंगरावर किंवा समुद्रकिनारी घेतलेल्या चित्रांत निळसर धुरकटपणा येत असे. तो टाळण्यासाठी जंबुपार फिल्टर वापरला जाई. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकासमोरच जंबुपार व अवरक्त किरण अडविणारी काच बसविलेली असते आणि भिंगांच्या काचाही जंबुपार किरणांचा मोठा भाग शोषतात. त्यामुळे डिजिटल कॅमेऱ्यावर या फिल्टरचा चित्रावर दिसण्याजोगा चांगला परिणाम होत नाही. उन्हाळ्यातील धुळीने आलेला धुरकटपणाही तो दूर करीत नाही, कारण धुळीचे कण सर्वच रंगांचा प्रकाश विखुरतात. आज हा फिल्टर, आणि त्याचीच रंगहीन आवृत्ती असलेला संरक्षक फिल्टर, प्रामुख्याने भिंगाच्या रक्षणासाठी विकला जातो.

### ध्रुवक फिल्टर

सूर्यप्रकाशाच्या तरंगांचे कंपन सर्व दिशांना होत असते. पाणी, काच, पाने किंवा रंगविलेला पृष्ठभाग यांवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मात्र बव्हंशी एकाच दिशेने कंप पावतो. यास ध्रुवण म्हणतात. ध्रुवक फिल्टर कड्यात फिरवून त्या दिशेचे कंपन अडविता येते. मग चकाकी नाहीशी होऊन पाण्याचा तळ, दुकानाच्या काचेमागील वस्तू किंवा पानांचा मूळ हिरवा रंग दिसू लागतो. हा परिणाम विशिष्ट कोनात सर्वाधिक असतो. पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेपासून मोजल्यास पाण्यासाठी तो कोन सुमारे ५३ अंश व काचेसाठी सुमारे ५६ अंश भरतो. समोरून, म्हणजे लंबरेषेतच पाहिल्यास ध्रुवकाचा उपयोग होत नाही. उघड्या धातूवरील चकाकीही त्याने जात नाही, कारण धातूवरील परावर्तनाने प्रकाशाचे असे ध्रुवण होत नाही.

निरभ्र आकाशाचा प्रकाशही अंशतः ध्रुवित असतो आणि सूर्यापासून ९० अंशांवरील पट्ट्यात हे प्रमाण सर्वाधिक असते. त्यामुळे ध्रुवकाने आकाश गडद निळे व ढग उठावदार होतात. रुंद कोनाच्या भिंगात मात्र या पट्ट्याबाहेरील आकाशही येते आणि चित्रात एका बाजूला गडद डाग पडल्यासारखे दिसते.

बाजारात रेषीय व वर्तुळाकार असे दोन प्रकार मिळतात. हे शब्द फिल्टरच्या आकाराविषयी नसून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणाविषयी आहेत. आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत प्रकाशमापन व स्वयंकेंद्रण अंशपारदर्शक आरशातून होते आणि रेषीय ध्रुवित प्रकाशाने त्यांची मोजणी चुकू शकते. म्हणून अशा कॅमेऱ्यांसाठी वर्तुळाकार ध्रुवक वापरतात. ध्रुवकामुळे साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो.

### तटस्थ घनता फिल्टर

हा करड्या रंगाचा फिल्टर सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करतो. भर दिवसाही शटर दीर्घकाळ उघडे ठेवता यावे, हा त्याचा मुख्य उपयोग. धबधब्याचे पाणी रेशमी दिसणे, गर्दीतील माणसे पुसट होऊन वास्तू तेवढी स्थिर राहणे, असे परिणाम त्याने साधतात. फिल्टर नसताना सेकंदाचा १/१२५ भाग पुरत असेल, तर निरनिराळ्या फिल्टरांसह लागणारा वेळ पुढीलप्रमाणे असतो.

| फिल्टर | प्रकाशीय घनता | घट | लागणारा वेळ |
|---|---|---|---|
| एनडी २ | ०.३ | १ स्टॉप | १/६० सेकंद |
| एनडी ४ | ०.६ | २ स्टॉप | १/३० सेकंद |
| एनडी ८ | ०.९ | ३ स्टॉप | १/१५ सेकंद |
| एनडी ६४ | १.८ | ६ स्टॉप | १/२ सेकंद |
| एनडी १००० | ३.० | १० स्टॉप | ८ सेकंद |

चलचित्रणात या फिल्टरची गरज अधिक भासते. सेकंदाला २५ चौकटी घेताना हालचाल स्वाभाविक दिसावी म्हणून शटरचा काळ सामान्यतः १/५० सेकंद ठेवतात. भर उन्हात, १०० संवेदनशीलता व एफ २.८ छिद्र असताना, योग्य प्रकाशनासाठी सुमारे १/३२०० सेकंद लागतो. हे अंतर सहा स्टॉपचे असल्याने एनडी ६४ फिल्टर लावावा लागतो. स्वस्त गडद फिल्टर अवरक्त किरण पुरेसे अडवीत नाहीत. त्यामुळे चित्रावर तपकिरी किंवा लालसर छटा येते.

### क्रमिक फिल्टर

याचा वरचा भाग करडा व खालचा पारदर्शक असतो. आकाश जमिनीपेक्षा फार उजळ असते, तेव्हा दोन्हींचा मेळ घालण्यासाठी तो वापरतात. क्षितिज सरळ असेल तिथेच तो चांगले काम देतो. डोंगर, शिखर किंवा झाड क्षितिजाच्या वर आले, तर त्याचाही माथा काळवंडतो.

### रंगीत फिल्टर

कृष्णधवल छायाचित्रणात फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ व विरुद्ध रंगाच्या वस्तू गडद करतो. पिवळ्याने आकाश माफक, तर लालने नाट्यमय गडद होते. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७मध्ये हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या व नंतर गडद लाल फिल्टरमधून घेतले; त्यांपैकी दुसरेच प्रसिद्ध झाले. रंगीत फिल्मसाठी प्रकाशाचा रंग जुळविणारे फिल्टरही असत. दिव्याच्या प्रकाशासाठी बनविलेली फिल्म उन्हात वापरताना नारिंगी, तर उन्हाची फिल्म दिव्याखाली वापरताना निळा फिल्टर लागे. डिजिटल कॅमेऱ्यातील श्वेत-संतुलनाने ही गरज संपविली आहे.

### सौर फिल्टर

सूर्याचे किंवा सूर्यग्रहणाचे चित्रण करताना लागणारा हा फिल्टर सुमारे एक लक्षांश प्रकाशच पुढे जाऊ देतो आणि जंबुपार व अवरक्त किरणही अडवितो. तो नेहमी भिंगाच्या पुढच्या बाजूस लावावा लागतो. नेत्रभिंगापाशी लावलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतो. तटस्थ घनता फिल्टर, काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा एकावर एक ठेवलेले ध्रुवक यांचा पर्याय म्हणून वापर करू नये. त्यांतून सूर्य मंद दिसला तरी अदृश्य अवरक्त किरण दृष्टिपटलापर्यंत पोहोचून डोळ्याला कायमची इजा करू शकतात, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्याने ती वेळीच जाणवत नाही. २४ ऑक्टोबर १९९५ व २६ डिसेंबर २०१९ रोजीची ग्रहणे महाराष्ट्रातून खंडग्रास दिसली होती. खंडग्रास ग्रहणात सूर्याचा एखादा भाग सतत उघडा असल्याने त्याच्या संपूर्ण काळात फिल्टर आवश्यक असतो.

## संरक्षक फिल्टरविषयीचा मतभेद

भिंगावर कायमस्वरूपी साधा फिल्टर लावून ठेवावा का, यावर छायाचित्रकारांत जुना मतभेद आहे.

बाजूने असा युक्तिवाद केला जातो की, धूळ, गुलाल, पावसाचे थेंब किंवा समुद्राचे खारे तुषार भिंगाऐवजी फिल्टरवर पडतात. फिल्टर निर्धास्तपणे पुसता येतो आणि ओरखडे आल्यास बदलता येतो. धूळ व पाणी यांपासून बंदिस्त असलेल्या काही भिंगांच्या माहितीपुस्तिकांत ही बंदिस्ती पूर्ण होण्यासाठी पुढे फिल्टर लावावा, असे उत्पादकच सांगतात. कड्यावर बसलेला धक्का फिल्टरच्या चौकटीने झेलला, तर भिंगावरील आटे वाचतात.

विरोधी बाजूचे मुद्दे प्रकाशशास्त्रीय आहेत. चांगल्या भिंगापुढे सामान्य प्रतीची काच ठेवणे म्हणजे त्याची गुणवत्ता त्या काचेइतकी खाली आणणे होय. रात्रीच्या चित्रांत हा दोष विशेष जाणवतो. दिव्याचा प्रकाश संवेदकावरून परत फिरून फिल्टरच्या सपाट काचेवर आदळतो आणि चित्राच्या मध्यबिंदूच्या विरुद्ध बाजूस त्या दिव्याचे उलटे छायाबिंब उमटते. रोषणाईचे चित्रण करताना असे ठिपके दिसल्यास प्रथम फिल्टर काढून पाहावा. शिवाय भिंगाच्या दर्शनी काचेवरील थोडी धूळ किंवा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, कारण ती काच संवेदकाच्या केंद्रप्रतलापासून दूर असते. रुंद कोन, लहान छिद्र आणि समोरचा सूर्य एकत्र आल्यास मात्र असे डाग दिसू शकतात.

'फिल्टर फुटला म्हणून भिंग वाचले' हा वारंवार दिला जाणारा दाखलाही निर्णायक नाही. फिल्टरची काच पातळ असते आणि भिंगाची दर्शनी काच बरीच जाड असते. ज्या धक्क्याने पहिली फुटते, त्याने दुसरी फुटली असतीच असे नाही. उलट फुटलेल्या काचेच्या कडा भिंगावर ओरखडे पाडू शकतात. धक्क्यापासून संरक्षणासाठी भिंगाचे सावलीकडे अधिक उपयुक्त ठरते, कारण ते भटका प्रकाशही अडविते. कणयुक्त किंवा ओल्या वातावरणात फिल्टर लावावा, नियंत्रित प्रकाशात व रात्री तो काढावा, असा मध्यममार्ग अनेक व्यावसायिक स्वीकारतात.

## संगणकीय पर्याय

कृष्णधवल चित्रासाठी रंगीत फिल्टरचा परिणाम रंगीत डिजिटल चित्रातील लाल, हिरव्या व निळ्या घटकांचे प्रमाण बदलून साधता येतो. तो नंतर बदलताही येत असल्याने भिंगावरील फिल्टरपेक्षा अधिक सोयीचा आहे. क्रमिक फिल्टरऐवजी निरनिराळ्या प्रकाशनाची दोन-तीन चित्रे एकत्र करता येतात. लागोपाठ घेतलेल्या अनेक चित्रांची सरासरी काढून वाहत्या पाण्याचा रेशमीपणाही बऱ्याच अंशी आणता येतो.

ध्रुवकाला मात्र असा पर्याय नाही. संवेदक प्रकाशाची तीव्रता व रंग नोंदवितो. कंपनाची दिशा नोंदवीत नाही. चकाकीने झाकलेली माहिती मुळात टिपलीच गेली नसल्याने नंतर ती परत मिळविता येत नाही. आकाश गडद करणे संगणकावर शक्य आहे, पण पाण्याखालचा दगड दाखविणे शक्य नाही. सौर फिल्टरलाही अर्थातच पर्याय नाही.

## छत्रपती संभाजीनगर परिसरातील उपयोग

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात लेणी, मकबरा, जलाशय व औद्योगिक वसाहत ही चित्रणाची भिन्न क्षेत्रे जवळजवळ असल्याने फिल्टरच्या निवडीतील फरक तेथे चांगला अभ्यासता येतो.

वेरूळ: येथील लेणी पश्चिमाभिमुख असल्याने कैलास लेण्याच्या दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन पडते. त्या वेळी समोरून चित्र घेणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो. त्यामुळे समोरील आकाशावर ध्रुवकाचा परिणाम अल्प होतो. कडेच्या टेकडीवरून उत्तर किंवा दक्षिण दिशेला पाहिल्यास तो स्पष्ट दिसतो. काळा बेसाल्ट व उजळ आकाश यांतील तफावत येथे मोठी असली, तरी शिखराची रेषा सरळ नसल्याने क्रमिक फिल्टर गैरसोयीचा ठरतो. अनेक प्रकाशनांची जोडणी अधिक चांगले काम देते. पावसाळ्यात २९व्या लेण्याजवळ कोसळणाऱ्या धबधब्यासाठी तटस्थ घनता फिल्टर उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी तिपाई लागते आणि संरक्षित स्मारकांत तिच्या वापरास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

बीबी का मकबरा: मकबऱ्याचे प्रवेशद्वार दक्षिणेस असल्याने समोरून चित्र घेताना कॅमेरा उत्तरेकडे रोखलेला असतो. सकाळी व सायंकाळी सूर्य बाजूला, म्हणजे सुमारे ९० अंशांवर असतो. त्यामुळे ध्रुवकाने मागील आकाश गडद होऊन पांढरी वास्तू उठून दिसते. समोरील पाण्यात प्रतिबिंब हवे असल्यास मात्र ध्रुवक त्या प्रतिबिंबालाच मारक ठरतो. आकाश आणि प्रतिबिंब यांपैकी एकाची निवड करावी लागते किंवा फिल्टर मधल्या स्थितीत फिरवावा लागतो.

अजिंठा: भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी येथे झोतदिव्यास बंदी आहे. मंद प्रकाशात दोन स्टॉपची घट म्हणजे १/१५ सेकंदाच्या जागी १/४ सेकंद. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर ठेवणे कठीण असते. म्हणून लेण्यांच्या आत कोणताही फिल्टर नसणेच बहुधा श्रेयस्कर होय. पूर्वीच्या काळी काही चित्रांवर दिलेल्या वार्निश व लाखेच्या थरांची चकाकी ध्रुवकाने कमी होऊ शकते, परंतु ते काम परवानगी व तिपाई असलेल्या शास्त्रीय नोंदणीचे आहे, पर्यटकाचे नव्हे.

नाथसागर: पैठणजवळील जायकवाडी जलाशयावर हिवाळ्यात रोहित व इतर पाणपक्षी येतात. ध्रुवकाने पाण्याची चकाकी कमी होते, पण १/२००० सेकंदाचा शटरवेग १/५०० सेकंदांवर येतो आणि उडत्या पक्ष्याचे पंख पुसट होतात. स्थिर उभ्या थव्यासाठी ध्रुवक लावावा व उड्डाणासाठी काढावा, हे येथे सोयीचे. पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत अबीर-गुलालाची उधळण टिपताना मात्र साधा संरक्षक फिल्टर खरोखर उपयोगी पडतो.

वाळूज: पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने आहेत. बजाज ऑटोचा येथील प्रकल्प १९८५पासूनचा आहे. अशा उत्पादनांच्या चित्रणात चकाकी हाच मुख्य अडथळा असतो. रंगविलेली टाकी, प्लॅस्टिक व काच यांवरील चकाकी भिंगावरील ध्रुवकाने कमी होते. यंत्रावर कापलेल्या उघड्या धातूवरील होत नाही. तेथे दुहेरी ध्रुवणाची पद्धत वापरतात. दिव्यांपुढे ध्रुवक पत्रे लावून प्रकाश आधीच ध्रुवित करतात व भिंगावरील ध्रुवक त्याच्याशी काटकोनात फिरवितात. धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश आपले ध्रुवण टिकवून ठेवीत असल्याने तो अडविला जातो. चकाकी पूर्णपणे काढल्यास धातू निर्जीव, राखाडी दिसतो. म्हणून थोडी चकाकी राखणे इष्ट असते. ध्रुवकातून पाहताना वाहनांच्या कठीण केलेल्या काचांवर रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसू शकतात, तसेच यंत्रांचे द्रवस्फटिकी पडदे काळे पडू शकतात. हे काचेतील ताणामुळे व पडद्यातील ध्रुवकामुळे घडते. तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे.

## आकार, निवड व निगा

स्क्रूप्रमाणे आट्यांनी बसणारे गोल फिल्टर ५२, ५८, ६७, ७२, ७७ व ८२ मिलिमीटर अशा मापांत मिळतात. आवश्यक माप भिंगाच्या दर्शनी कड्यावर व्यासचिन्हापुढे लिहिलेले असते. ते भिंगाच्या केंद्रांतराहून वेगळे असते. अनेक भिंगे असल्यास सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घेऊन इतरांसाठी माप जुळविणारी कडी वापरणे काटकसरीचे ठरते. क्रमिक फिल्टर मात्र चौकोनी असल्यास चांगला, कारण तो धारकात वर-खाली सरकविता येतो. एकावर एक फिल्टर चढविल्यास परावर्तने वाढतात आणि रुंद कोनाच्या भिंगात चित्राचे कोपरे काळे पडतात.

मर्यादित खर्चात सुरुवात करणाऱ्याने संरक्षक फिल्टरपेक्षा सावलीकडे व एक चांगला ध्रुवक यांना अग्रक्रम द्यावा, असे वरील तत्त्वांवरून म्हणता येते. चलचित्रण किंवा वाहत्या पाण्याचे चित्रण करावयाचे असल्यास त्यात तटस्थ घनता फिल्टरची भर घालावी.

फिल्टर पुसण्यापूर्वी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी. धुळीसकट पुसल्यास लेपावर ओरखडे येतात. त्यानंतर स्वच्छ, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावे. बसविताना आटे घट्ट आवळू नयेत. अडकलेला फिल्टर एका बाजूने पकडून पिळल्यास चौकट वाकते व अधिकच घट्ट बसते. रबरी पट्टीने सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन फिरविल्यास तो सहसा सुटतो.